कानातलं यंत्र की कानातला दागिना?

थोडं मोठं लिहितोय. गाडीत बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा, दारात लटकत असाल तर घरी जाऊन वाचा.

विषय महागाईचा आहे, पण कांद्याच्या किंवा गॅस सिलिंडरच्या नाही. कानात घालायच्या इअरफोनच्या. हसू नका. अंधेरीला एमआयडीसीत पहिली नोकरी लागलेली, हातात वीस-बावीस हजार पगार येणारी पोरं पंचवीस हजारांचा इअरफोन हप्त्यांवर घेताना मी बघतोय. महिन्याच्या पगारापेक्षा कानातली वस्तू महाग! वर मलाच विचारतात, "दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला सगळं माहीत असतं. घेऊ का?"

मी काही आवाजाचा तज्ज्ञ नाही. वाड्याचा माणूस, पत्रकारितेचा डिप्लोमा करून या धंद्यात आलो, वीस वर्षं मुलुंड-घाटकोपर-अंधेरी-बोरिवली अशी पायपीट करतोय. मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढणं हे रोजचं काम, म्हणून कानात काहीतरी असतंच. पण "घेऊ का?" या प्रश्नाचं उत्तर मला दुकानात नाही, इतिहासात सापडलं. ते आधीच सांगून टाकतो, मग पुरावे देतो.

या वस्तूच्या शंभर वर्षांच्या इतिहासात जेव्हा जेव्हा खरा नवा शोध लागला, तेव्हा पहिली काही वर्षं तो महाग राहिला आणि मग सामान्य माणसाच्या हातात आला. भाव खाली आला. आणि जेव्हा शोध अडला, तेव्हा वरच्या टोकाचा माल आणखी महाग झाला. म्हणजे भाव चढतोय म्हणून आत काहीतरी मोठं नवीन असेल, असं धरून चालू नका. बऱ्याचदा उलटंच असतं.

आता सुरुवातीपासून.

१९१० साली अमेरिकेत युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने आपल्या घराच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवला. अमेरिकी नौदलाला तो पाठवला. नौदलाने तपासला, तर हातातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा तो सरस निघाला. त्यांनी मोठी मागणी नोंदवली, पण हे गृहस्थ म्हणाले, एका वेळी दहाच देता येतील, स्वयंपाकघरात तेवढेच बनतात. गाणी ऐकायला नव्हे, जहाजावरच्या बिनतारी यंत्रातून येणारे बारीक संदेश ऐकू यावेत म्हणून नौदलाला तो हवा होता. गरज होती, म्हणून शोध लागला.

आपल्या मुंबईत हेडफोन आला तो रेडिओबरोबर. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी १९२८ ला, कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावायला लागली. म्हणजे आज आपण ज्या दोन गोष्टी एकत्र करतो, लोकलमध्ये बसून कानात आवाज, त्या दोन्ही या शहरात सहा महिन्यांच्या अंतराने आल्या. तेव्हा अंधेरी-बोरिवली मुंबईत मोडत नव्हती, हा भाग वेगळा.

त्या काळी दिवाणखान्यात ठेवायचा, मोठ्याने वाजणारा व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे श्रीमंतांचं काम. साध्या माणसाला परवडायचा तो क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, पण आवाज इतका क्षीण की हेडफोन लावल्याशिवाय काही ऐकू येत नसे. तेव्हा हेडफोन ही गरिबाची सोय होती आणि स्पीकर ही श्रीमंती! घरात एकच हेडफोन असेल तर त्याचे दोन कान दोघांनी वाटून घ्यायचे. नाहीतर तो एखाद्या भांड्यात ठेवायचा, म्हणजे भांडं घुमून चारचौघांना ऐकू येई. ही युक्ती जगभर चालायची.

ती कंपनी मात्र तीन वर्षंही टिकली नाही. रेडिओ ऐकायला वर्षाला १० रुपयांचा परवाना लागे, त्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळे, शिवाय परदेशातून येणाऱ्या यंत्रांच्या किमतीवरही तिला टक्केवारी मिळे. म्हणजे यंत्रं परदेशातून येणार, त्यावर आकार बसणार, म्हणून ती महाग, म्हणून ऐकणारे थोडे, म्हणून उत्पन्न थोडं. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी गुंडाळली गेली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. हा धडा लक्षात ठेवा, पुढे परत कामाला येणार आहे.

मधल्या काळात जर्मनीत बायरडायनामिकने १९३७ मध्ये डीटी ४८ काढला. लोहचुंबक, त्यात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला पातळ पडदा. आज तुमच्या कानात जे आहे, त्यातल्या बहुतेकांचं तत्त्व हेच आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी गाणी ऐकायला स्टिरिओ हेडफोन विकायला काढला. १९६८ मध्ये सेनहायझरने एचडी ४१४ काढला. मागून उघडा, हलका, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा. तो एक कोटीहून जास्त विकला गेला. शोध लागला आणि माल घरोघर गेला, याचं हे पहिलं ठळक उदाहरण.

दुसरं उदाहरण चाळिशी-पन्नाशीतल्या सगळ्यांना आठवेल. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला. किंमत ३३,००० येन. कॅसेट वाजवणारी डबी काही फार नवीन नव्हती, नवीन होता तो हलका हेडफोन. तोपर्यंतचे हेडफोन तीन-चारशे ग्रॅम वजनाचे असायचे, सोनीने ते ५० ग्रॅमच्या आसपास आणलं. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. १९२७ च्या क्रिस्टल सेटचीच आठवण.

आपल्याकडे वॉकमन आला तो दुबई-मस्कतहून सुट्टीला येणाऱ्यांच्या बॅगेतून. नाहीतर हीरा पन्ना, मनीष मार्केट. १९९१ च्या आधी आयात शुल्काचे दर शंभर टक्क्यांच्याही पुढे जात, त्यामुळे "फॉरेनचा माल" हा शब्दच एका वेगळ्या आदराने उच्चारला जाई. पण दहा-पंधरा वर्षांत काय झालं? लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेले, नाव नसलेले वॉकमन शाळेतल्या पोरांच्या दप्तरात आले. हेडफोनची वायर कानाजवळ तुटायची, आपण ती सोलून, चिकटपट्टी लावून परत चालू करायचो. जमलं नाही तर स्टेशनबाहेरचा दुरुस्तीवाला पाच-दहा रुपयांत डाग देऊन द्यायचा.

तिसरं उदाहरण कानाच्या आत जाणाऱ्या इअरफोनचं. यातला मोठा शोध गाण्यासाठी लागलाच नाही. ऐकू कमी येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रात एक अगदी इवलासा स्पीकर असतो, त्याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात काम केलेल्या मीड किलियन यांच्या एटिमॉटिक कंपनीने १९९१ मध्ये तो संगीताच्या इअरफोनमध्ये आणला. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचे साउंड इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमरसाठी कानाच्या मापाचा इअरफोन बनवला, त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. आज स्टेजवरच्या गायकांच्या कानात जे दिसतं, त्याचं मूळ हे. म्हणजे बहिऱ्यांसाठी केलेलं काम गवयांच्या उपयोगी पडलं.

चौथं उदाहरण आवाज मारणाऱ्या हेडफोनचं, ज्याला नॉइज कॅन्सलिंग म्हणतात. अमर बोस हे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांपासून सुटून अमेरिकेला गेलेले. १९७८ मध्ये युरोपातून परत येताना विमानाच्या घरघरीने बोस यांना हेडफोनमधलं गाणं नीट ऐकू येईना. तिथेच बसून त्यांनी गणित मांडलं: बाहेरच्या आवाजाची लाट मायक्रोफोनने पकडायची आणि बरोबर उलटी लाट कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना मारतात. ते प्रत्यक्षात यायला अकरा वर्षं लागली, १९८९ मध्ये वैमानिकांसाठी हेडसेट आला. सामान्य ग्राहकासाठी २००० साल उजाडलं. आणि आज? अडीच-तीन हजारांच्या इअरफोनवरही ही सोय मिळते. बोसच्या किंवा सोनीच्या तोडीची नसेल, पण घाटकोपरहून वर्सोव्याला जाणाऱ्या मेट्रोची घरघर कमी करण्यापुरती नक्की असते.

पाचवं उदाहरण अगदी कालचं. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि डिसेंबरमध्ये एअरपॉड्स विकायला आणले. भारतातली किंमत १५,४०० रुपये. लोकांनी चेष्टा केली, कानातून टूथब्रशचं डोकं लोंबतंय म्हणाले. चार-पाच वर्षांत तसेच बिनवायरचे इअरफोन हजार-दीड हजारात मिळायला लागले. त्यात मोठा वाटा उचलला तो अमन गुप्ता आणि समीर मेहता यांच्या बोट कंपनीने, जिचं कार्यालय आपल्या अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर आहे. सुरुवातीला माल चीनमधून यायचा. २०२२ मध्ये त्यांनी डिक्सन कंपनीशी भागीदारी करून भारतात बनवायचं ठरवलं.

इथपर्यंतचा हिशोब लावा. दर वेळी आधी कोणाची तरी खरी अडचण: नौदलाची, बहिऱ्यांची, ड्रमरची, विमानातल्या प्रवाशाची. मग शोध. मग काही वर्षांत भाव खाली.

आता वरच्या टोकाकडे बघा. सोनीचा १०००एक्सएम नावाचा हेडफोन अनेकांना माहीत असेल. २०१८ चं तिसरं मॉडेल अमेरिकेत ३५० डॉलर, २०२० चं चौथं ३५०, २०२२ चं पाचवं ४००, २०२५ चं सहावं ४५०. आपल्याकडे २९,९९० वरून ३९,९९० वर. कोणी म्हणेल, अमेरिकेतली महागाई धरली तर डॉलरमधली वाढ तेवढीच आहे. बरोबर आहे. पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये महागाईबरोबर भाव वाढणं हेच मुळात विचित्र. वीस वर्षांपूर्वी सपाट पडद्याचा टीव्ही काय भावाने यायचा आणि आज काय भावाने येतो, आठवून बघा.

वायरच्या महागड्या इअरफोनमध्ये सेनहायझरने २०१२ मध्ये आयई ८०० काढला, ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, किंमत हजार डॉलर. २०२१ मध्ये आयई ९०० आला. ड्रायव्हर परत ७ मिलिमीटरचाच, पडदा सुधारलेला, ॲल्युमिनियमच्या कवचात आतून बारीक कप्पे कोरलेले. किंमत तेराशे डॉलर. उत्तम वस्तू आहे, ऐकणारे तिची तारीफच करतात. पण नऊ वर्षांत झालेला बदल हा सुताराने रंधा आणखी बारीक मारावा तसा आहे, लाकूड बदललेलं नाही.

आणि ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स. २०२० च्या डिसेंबरमध्ये आला, ५९,९०० रुपयांना. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये "नवा" आला. बदललं काय? चार्जिंगचं भोक आणि रंग. आतली चिप चार वर्षांपूर्वीचीच. किंमत तीच, ५९,९००. पुढे २०२५ मध्ये कंपनीने अपडेट दिलं, की आता यावर अस्सल दर्जाचा, काटछाट न केलेला आवाज ऐकता येईल. कसा? वायर जोडून! २०१६ मध्ये वायर काढली, २०२५ मध्ये साठ हजारांच्या वस्तूला परत वायर जोडायला सांगितली. आणि वजन? ३८५ ग्रॅमच्या आसपास. १९७९ मध्ये सोनीने जे वजन कमी केलं, ते आपण परत डोक्यावर घेतलं.

असं का होतं? माझ्या समजुतीप्रमाणे कारणं चार.

पहिलं, कान तोच आहे. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही तरुणपणी. चाळिशीनंतर वरचा भाग आपोआप गळायला लागतो. तो पट्टा नीट वाजवणारा पडदा आता स्वस्तातही बनतो. २०१७ मध्ये जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन आणि इअरफोन मोजले आणि किंमत व आवाजाचा समतोल यांचा संबंध तपासला. निष्कर्ष निघाला की दोन्हींचा काही संबंध दिसत नाही. महाग वस्तूत बांधणी, आराम, टिकाऊपणा जास्त असू शकतो. पण महाग म्हणजे आवाजाचा समतोल चांगला, हे गृहीत धरता येत नाही.

दुसरं, कारखानदारांची संख्या कमी होत चालली आहे. बीट्स २०१४ मध्ये ॲपलने तीन अब्ज डॉलरला घेतली. जेबीएल आणि एकेजी ज्या हरमनच्या पोटात होत्या, ती हरमन सॅमसंगने २०१७ मध्ये आठ अब्ज डॉलरला घेतली. एकेजीचं व्हिएन्नातलं जुनं ठाणं बंद झालं, तिथल्या काही इंजिनिअरांनी बाहेर पडून वेगळी कंपनी काढली. सेनहायझरने आपला ग्राहकांचा धंदा २०२२ मध्ये सोनोव्हा या स्विस कंपनीकडे सोपवला, जी श्रवणयंत्रं बनवते. १९२४ पासूनची बायरडायनामिक २०२५ मध्ये चीनच्या कोसोनिकला विकायचं ठरलं. जुनी घराणी मोठ्या गोतावळ्यात गेली, की नावं राहतात, पण एकमेकांना मागे टाकायची ईर्ष्या कमी होते.

तिसरं, आपला रुपया आणि आपले कर. २०१० च्या सुमारास डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीस ९० ला टेकला. म्हणजे डॉलरमधली किंमत जागची हलली नाही तरी आपल्याला ती दुप्पट पडते. त्यावर २०२२ च्या अर्थसंकल्पात हेडफोन-इअरफोनवरचं सीमाशुल्क १५ वरून २० टक्क्यांवर नेलं. त्याच्यावर १८ टक्के जीएसटी. साधा हिशोब करा: १०० रुपयांचा आयात माल, २० टक्के शुल्काने १२०, त्यावर जीएसटी लागून १४१ रुपये ६० पैसे. दुकानदाराचा नफा अजून यायचाच आहे. देशात कारखाने यावेत हा त्यामागचा हेतू, आणि स्वस्त मालात ते काही प्रमाणात घडलंही. पण वरच्या दर्जाचा माल इथे बनत नाही, त्यामुळे तिथे शुल्काचा बोजा सरळ गिऱ्हाइकावर. १९२७ ची गोष्ट आठवली का?

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते सांगायला अंधेरी पूर्वेला जावं लागेल.

मरोळला सीप्झ आहे. आता मेट्रो ३ चं स्टेशनही झालंय. रोज हजारो माणसं त्या गेटातून आत जातात, पण नावाचा अर्थ किती जणांना माहीत असेल? सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन. १९७३ मध्ये केंद्र सरकारने हा विभाग खास इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून निर्यात करायला उघडला. वॉकमन यायच्या सहा वर्षं आधी! जागा होती, सवलती होत्या, विमानतळ हाकेच्या अंतरावर, पवईचं आयआयटी शेजारी. ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनत होते. १९८१ मध्ये अंधेरीतच ओनिडा सुरू झाली, शिंगवाल्या राक्षसाची जाहिरात आठवत असेल. तिचा कारखाना पुढे आमच्या वाडा तालुक्यात आला. कानात घालायची जगातली एखादी मोठी वस्तू या पट्ट्यातून निघायला हरकत नव्हती.

तसं झालं नाही. सीप्झमध्ये सॉफ्टवेअर वाढलं, आणि १९८७-८८ पासून हिरे-दागिन्यांना परवानगी मिळाली. आज सीप्झ म्हटलं की दागिन्यांची निर्यात. जिथे कानातलं यंत्र बनू शकलं असतं, तिथे कानातले बनतात. त्यात कमीपणा नाही, हजारो कारागिरांचं पोट त्यावर आहे. पण मला यात एक वेगळीच खूण दिसते. महागडा इअरफोनही यंत्राकडून दागिन्याकडे सरकलाय. तो ऐकण्यासाठी कमी आणि दिसण्यासाठी जास्त घेतला जातो. पांढरी दांडी कानात दिसली पाहिजे.

दागिना म्हणून घ्यायला माझी ना नाही. हौसेला मोल नसतं. फक्त दागिन्याचा हिशोब आपल्या आया-आज्या जसा करायच्या तसा करा. सोनं किती, घडणावळ किती, आणि मोडायला गेलो तर हातात काय येईल? इअरफोनमध्ये जवळजवळ सगळी घडणावळ आहे, आणि मोड शून्य. बिनवायरच्या इअरफोनमधली इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. कवच चिकटवून बंद केलेलं. मुलुंड स्टेशनबाहेरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, हा उघडायचा म्हणजे तोडायचा." वायर सोलून चिकटपट्टी लावणारी आमची पिढी. आमच्याकडे वस्तू बिघडायची. आता वस्तू संपते. पंचवीस हजारांचा, तीन वर्षांत संपणारा दागिना कुठल्या आईने घेतला असता?

एक बाजू न्यायाने सांगायला हवी. सगळाच शोध थांबलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला मान्यता दिली. थोडं कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांना तोच इअरफोन श्रवणयंत्र म्हणून वापरता येतो. गाण्याच्या इअरफोनने श्रवणयंत्राकडून जे उसनं घेतलं होतं, ते तीसेक वर्षांनी परत केलं म्हणायचं. बघा, इथेही परत कोणाची तरी खरी अडचण आहे, आणि तिथेच शोध लागला.

आणि ही अडचण आपलीही होणार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, पण आवाज ९० वर गेला की तीच मर्यादा आठवड्याला ४ तासांवर येते. गर्दीच्या लोकलमध्ये खडखडाटावर मात करायला आपण आवाज किती चढवतो, त्याचा विचार करा. बोरिवली-चर्चगेट रोजचं जाऊन-येऊन. म्हणून मी म्हणतो, आवाज मारणारा इअरफोन ही चैन नाही, उपनगरातल्या माणसासाठी ती कानाची काळजी आहे. पण रस्ता आणि रूळ ओलांडताना तो काढा, हे हात जोडून सांगतो. आणि ऐकू कमी यायला लागलं असेल, कानात शिटी वाजत असेल, तर वांद्र्याला रेक्लेमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची केंद्र सरकारची. तिथे जाऊन कान तपासून घ्या.

मग "दादा, घेऊ का?" याचं उत्तर काय? तीन प्रश्न विचारा. एक, माझी अडचण कोणती आहे, आणि ती अडीच-तीन हजारांत सुटत नाही का? दोन, जुन्या मॉडेलपेक्षा यात नेमकं काय नवीन आहे, एका वाक्यात सांगता येईल का? तीन, बॅटरी गेली की ती बदलून कोण देणार आणि कितीला? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर खुशाल घ्या. ज्याला आवाजातलं कळतं, घरी शांत बसून शास्त्रीय संगीत ऐकायचंय, त्याने चांगला वायरचा घ्यावा. त्यात बॅटरी नसते, वायर बदलता येते, नीट ठेवला तर पंधरा वर्षं जातो.

पण हे एकट्या गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. युरोपने २०२३ मध्ये बॅटरीचा कायदा केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, लहान उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढून बदलता आली पाहिजे, असं त्यात आहे. हे अशक्य नाही. नेदरलँड्सच्या फेअरफोनने २०२४ मध्येच बॅटरी बदलता येणारे बिनवायरचे इअरफोन विकायला काढलेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आयात शुल्क वाढवायला सरकारला एक अर्थसंकल्प पुरला. मग "बॅटरी बदलता आली पाहिजे" हा एक नियम करायला काय हरकत आहे?

तो नियम आला, तर या वस्तूतला पुढचा खरा शोध तोच असेल. आणि स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीवाल्याच्या हाताला परत काम मिळेल.

तुमच्या घरात बॅटरी दमलेले, एका बाजूने मुके झालेले किती इअरफोन खणात पडलेत, जरा मोजा. किती रुपयांचे होते तेही लिहा. आकडे जमले तर ग्राहक विभागाला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी इथेच टाकतो, सह्या आपण सगळे मिळून करू.